शिंगवाले आणि बिनशिंगी

‘व्होल्टेस फाइव्ह’ ही 40 भागांची जपानी चित्रमालिका जून 1977 ते मार्च 1978 या काळात जपानमध्ये दाखवली गेली. तादाओ नागाहामा यांनी दिग्दर्शित केलेल्या यंत्रमानवांच्या तीन मालिकांपैकी ही मधली. आधीची ‘कॉम्बॅट्लर व्ही’, नंतरची ‘डायमॉस’. पाच वीर, त्यांची पाच वाहने, आणि ती जुळली की उभा राहणारा 58 मीटर उंच यंत्रमानव. पाच सुटे तुकडे म्हणजे विकायला पाच खेळणी, हा व्यापारी हिशेबही त्यात होताच.

इथवर सारे ठरलेल्या साच्यातले. साच्याबाहेरची गोष्ट शत्रूच्या घरात आहे. बोआझान ग्रहावर शिंगे घेऊन जन्मलेले उमराव आणि बिनशिंगी ते गुलाम. पृथ्वीवर चालून आलेला राजपुत्र हाइनेल शिंगवाला. त्याच्याशी लढणाऱ्या तीन भावांचा बाप त्याच ग्रहावरच्या उमराव घराण्यातला, पण बिनशिंगी. हाइनेल त्यांचा सावत्र भाऊ निघतो, आणि अखेरच्या भागांत गुलामांच्या उठावापुढे सिंहासन कोसळते. मराठी वाचकाला यावर भाष्य लागू नये. इकडे शिंगांऐवजी आडनाव विचारतात, एवढाच फरक.

मे 1978 पासून ही मालिका फिलिपिन्समध्ये जीएमए वाहिनीवर इंग्रजीत सुरू झाली. शीर्षकगीत मात्र जपानीच राहिले. देशात 1972 पासून लष्करी कायदा होता. मालिकेचे शेवटचे चार भाग उरले असताना, 27 ऑगस्ट 1979 रोजी, राष्ट्राध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांनी तिच्यावर बंदी घातली. कारण सांगितले गेले ते हिंसाचाराचे. हुकूमशहा कार्टूनमधल्या बंडाला घाबरला, ही कथा तेव्हापासून सांगितली जाते, आणि वैचारिक लेख लिहिणाऱ्यांना ती फार आवडते.

कथा इतकी सोयीची आहे की तिच्याबद्दल संशय यावा. त्याच आदेशात ‘माझिंगर झेड’सारख्या मालिकाही सापडल्या, तिथे शिंगवाल्यांचे राज्य उलथत नव्हते. तक्रारी करणाऱ्यांत कॅथलिक पालक खरोखरच होते. शिवाय हीच तक्रार हुकूमशहा नसलेल्या देशांतही झाली. इटलीत इमोला गावच्या 600 पालकांनी 1980 मध्ये अशा मालिकांविरुद्ध आवाज उठवला. फ्रान्समध्ये ‘ग्रेंडायझर’ जुलै 1978 पासून ‘गोल्डोराक’ नावाने घराघरांत शिरला होता. लिलियान ल्युर्सा यांनी 1981 मध्ये पाच वर्षांचे मूल आणि गोल्डोराक यांच्यावर अख्खे पुस्तक लिहिले. तेव्हा हिंसाचाराचे कारण निव्वळ बहाणा होते, असे म्हणता येत नाही.

कारण खरे असले तरी ते बरोबर असते असे नाही. पडद्यावरची मारामारी पाहून मुले दगड उचलतात, हे विधान कधीतरी मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात उभे राहून करून पाहावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे तान्हा पोळा असतो, मुले चाकांवरचा लाकडी बैल ओढत घरोघर हिंडतात. त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात, आणि एका काठावरून पांढुर्णा तर दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांवर दगडांचा वर्षाव करतात. कारण म्हणून एका पळून जाणाऱ्या प्रेमी जोडप्याची दंतकथा सांगतात. शेकडो लोक जखमी होतात, काहींचे प्राणही गेले आहेत. प्रशासनाने जमावबंदी लावली, दगडांऐवजी रबरी चेंडूही देऊन पाहिले. लोक दगडांकडेच परतले. ही गोटमार दूरचित्रवाणीच्या कितीतरी आधीची. तिथल्या पोरांना दगड उचलायला जपानी यंत्रमानवाने शिकवले, असे म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.

हिंसेइतकाच लाडका दुसरा आरोप भाषेचा. परक्या भाषेतली चित्रे घरची भाषा खातात, असे महाराष्ट्रात ‘डोरेमॉन’ आणि ‘शिनचॅन’च्या हिंदीकडे बोट दाखवून म्हटले जाते, 2025 मध्ये पहिलीपासूनच्या हिंदीवरून वाद पेटला तेव्हा त्या बोटाला आणखी धार आली. पांढुर्णा आणि शेजारचे सौंसर ही गावे या दाव्याला सरळ आडवी येतात. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा मराठी पट्टा मध्य प्रदेशात राहिला. संत्री नागपूरच्या तोंडवळ्याची, बोली वऱ्हाडी वळणाची, शाळा-कचेरी मुख्यतः हिंदीची. पन्नास वर्षे आधीपासून हिंदीच्या छायेत राहूनही चुलीजवळची मराठी टिकली. हिंदीतला ‘डोरेमॉन’ तर 2005 चा. अर्थात टिकली ती बोलण्यात. तिचे वाचणे-लिहिणे शाळेच्या दाराबाहेर राहिले, आणि हे नुकसान कार्टूनच्या नव्हे, राज्यरचनेच्या खात्यावर मांडावे लागते.

भारताला जपानी महाकाय यंत्रमानव भेटला तो ऐंशीच्या दशकात, दूरदर्शनवर. ‘जायंट रोबो’ ही 1967-68 ची 26 भागांची मालिका. रेखाटलेली नव्हे, यंत्रमानवाच्या पोशाखात नट घालून चित्रित केलेली. मूळ कथा मित्सुतेरु योकोयामा यांची. ज्यांच्या ‘तेत्सुजिन 28’वरून 1963 मध्ये या प्रकारातली पहिली चित्रमालिका निघाली, तेच हे. मनगटावरच्या घड्याळातून यंत्रमानवाला हुकूम देणारा मुलगा अमेरिकेत केलेल्या इंग्रजीत बोलत होता. घर मराठी, शाळा हिंदी, यंत्रमानव इंग्रजी: सौंसरच्या पोराला तो तिसऱ्या परकेपणातून आला. म्हणूनच तो इथे रुजला नाही, हे उत्तर तोंडाशी येते. अरब देशांत ‘ग्रेंडायझर’ लेबनॉनमध्ये केलेल्या ग्रांथिक अरबीत आला आणि तिथल्या पिढीचा झाला, हा दाखलाही मदतीला धावतो.

पण फिलिपिन्समध्ये हे उत्तर कोलमडते. तिथे संवाद इंग्रजी, गाणे जपानी, आणि घरात तागालोग, सेबुआनो किंवा आणखी एखादी भाषा. तरी अर्थ न कळणारे ते गाणे तिथल्या मुलांनी तोंडपाठ केले. फरक पडला तो बंदीने. उठावाच्या उंबरठ्यावर कथा कापली गेली, आणि फेब्रुवारी 1986 मध्ये मार्कोस देश सोडून गेले. मग राहिलेले भाग पाहताना लोकांना त्यात आपलीच हकीकत दिसली. बंदी घालताना मार्कोस यांच्या मनात बंडाचे भय असो वा नसो, मालिकेला राजकीय अर्थ त्यांच्याच सहीने मिळाला. संशयास्पद वाटणारी कथा अशी मागाहून खरी ठरली. ‘जायंट रोबो’वर इथे ना बंदी आली, ना त्याचे खेळणे पांढुर्ण्याच्या बाजारात आले, 26 भाग संपले आणि यंत्रमानव गेला.

मे 2023 मध्ये जीएमएनेच ‘व्होल्टेस फाइव्ह: लेगसी’ ही 90 भागांची नवी मालिका आणली. नट फिलिपिनो, संवाद फिलिपिनोत, शीर्षकगीत फिलिपिनो गायिकेच्या आवाजात पण जपानीच. तिच्यावर बेतलेला चित्रपट 2024 मध्ये जपानच्या चित्रपटगृहांत लागला.