मातीची साक्ष

यहूदा राज्यात ख्रिस्तपूर्व ८ व्या शतकात भाजलेल्या रांजणांच्या कानांवर राजाची मोहोर आहे. परंतु त्या सरकारी शिक्क्याहून निराळी, कोणीही हेतुपूर्वक न उमटविलेली अशी एक नोंद त्याच मातीतील लोहकणांत आहे, कारण भट्टीतून निघालेली माती निवत असता तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेच्या प्रमाणात त्या कणांत चुंबकत्व स्थिरावले. तेलिए या संशोधक दांपत्याच्या पद्धतीने अशा रांजणाचा तुकडा टप्प्याटप्प्याने तापवून जुने चुंबकत्व पुसतात, ज्ञात क्षेत्रात नवे देतात आणि दोहोंचे गुणोत्तर काढतात. म्हणजे जबानी घेता घेताच साक्षीदार मुका होतो. पण या खुणेला मातीची स्मृती म्हणावे का? न्याय-वैशेषिक दर्शनांनी स्मृतीचे कारण असलेला भावना-संस्कार केवळ आत्म्याला दिला, पृथ्वी या द्रव्याकडे वेग आणि स्थितिस्थापक (मूळ स्थितीस परत नेणारा) एवढेच संस्कार ठेविले. ती मर्यादा मला आजही ग्राह्य वाटते : तेव्हाचे क्षेत्र आजच्याहून बरेच प्रबळ होते, हे ना कुंभार जाणत होता, ना माती, खूण मात्र होती.