कंबरेचं हत्यार

धर्माबादच्या ठेसनावर आपली पोरं वाद घालतात : कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर बरं की ईशापूरचं ‘अशनी’ पिस्तूल? रिव्हॉल्व्हर सहसा अडकत नाही. पिस्तूल चपटं, कंबरेला दिसत नाही.

स्वसंरक्षण पाप आहे, असं मी म्हणणार नाही. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना जमावानं मारलं. ते विसरून आपल्याला अहिंसा शिकवणारा ढोंगी.

पण एका कंबरेचं पिस्तूल एकालाच पुरतं. वस्तीचं काय?

अ‍ॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांतला तिसरा नियम वाचा. अत्याचारप्रवण भागात दलित-आदिवासी नसलेल्यांचे शस्त्रपरवाने तपासून रद्द करावेत, गरज वाटल्यास आपल्याला द्यावेत.

आधी त्यांच्या बंदुका जमा करा, असं कलेक्टरकडं लेखी मागायची हिंमत आहे? नसेल, तर कुठल्याही छापाचं घ्या, हात थरथरणारच.