हवाई छत्रीचा न्याय

आज्ञा आणि धर्म यांत विरोध आला असता मनुष्याने कोणाचे ऐकावे, हा प्रश्न महाभारताइतका जुना आहे. विमानांच्या इतिहासातील एका अल्पपरिचित प्रसंगात तो फार स्पष्टपणे दिसतो.

२० डिसेंबर १९४३ रोजी जर्मनीतील ब्रेमेन येथील विमानांच्या कारखान्यावर बाँब टाकून एक अमेरिकन विमान परतत होते. विमान ठिकठिकाणी फुटले होते, शेपटाकडील सैनिक ठार झाला होता, अनेक जण जखमी होते. वैमानिक चार्ली ब्राउन अवघा २१ वर्षांचा होता. ते पाडण्यासाठी फ्रान्झ स्टिगलर या जर्मन वैमानिकाने झेप घेतली. परंतु जवळ जाताच भगदाडांतून त्याला जखमींची शुश्रूषा करणारे सोबती दिसले. त्याने गोळी झाडली नाही. समुद्र लागेपर्यंत तो त्यांच्या बाजूने उडत राहिला आणि सलामी देऊन परतला. हे उघडकीस आले असते तर त्याला देहदंडही झाला असता.

विमान शरण आलेले नव्हते. ते पाडण्यास युद्धाच्या कायद्याची आडकाठी नव्हती. मग स्टिगलरने आधार कशाचा घेतला? हवाई छत्रीने उतरणाऱ्या मनुष्यावर कदापि गोळी झाडू नये, असे गुस्ताव रोडेल या त्याच्या वरिष्ठाने पूर्वी बजावले होते. त्या भग्न विमानातील माणसे स्टिगलरला छत्रीला लोंबकळणाऱ्यांसारखीच वाटली. जुन्या निवाड्यातील तत्त्व न्यायाधीश नव्या प्रसंगास लावतो. तेच त्याने क्षणार्धात केले.

कोणी म्हणेल, हीच माणसे उद्या पुन्हा बाँब घेऊन येतील. मग खाली मरणाऱ्या स्वजनांचे काय? हा आक्षेप पोकळ नाही. रथचक्र रुतलेल्या कर्णाने धर्माची आठवण दिली, तेव्हा श्रीकृष्णाने त्याला त्याच्याच पूर्वीच्या अधर्माची आठवण दिली. परंतु कर्ण चाक काढून तत्क्षणी लढणार होता. हे सैनिक केवळ घर गाठू पाहत होते. उद्याचा शत्रू सशस्त्र भेटेल, तेव्हा त्याच्याशी लढता येईल. उद्याच्या अपराधासाठी आजच्या असहाय मनुष्यास दंड देणे कोणत्याही न्यायात बसत नाही.

१९९० साली दोघांची भेट झाली, मैत्री जडली. २००८ साली काही महिन्यांच्या अंतराने दोघेही निवर्तले. आज्ञा देणारा त्या ठिकाणी नसतो. समोरचे मनुष्य आपल्याच डोळ्यांना दिसते, आणि त्या दिसण्याचे उत्तरदायित्वही आपल्यावरच राहते.