हा आळस की आणखी काही?



काही वर्षांपूर्वी चर्चच्या सणाच्या तयारीत एका गृहस्थाने सरकारी परवानगी आणण्याचे काम स्वतःहून अंगावर घेतले. अर्ज महिनाभर त्याच्या बॅगेतच पडून राहिला. सणाला दोन दिवस उरले तेव्हा सगळ्यांची धावपळ झाली. मग त्याच माणसाने रात्रभर जागून कागद तयार केले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या दारात बसून परवानगी मिळवली. तरीही सभेत सर्वांसमोर मी त्याला म्हणालो, "मनात असलं की सगळं होतं. तू फक्त आळशी आहेस." तो हसला. विषय संपला, असे मला वाटले.

या वर्षी तो ऑफिसबाहेरच्या बाकावर येऊन बसला. हे संभाषण पापनिवेदनातले नाही. त्याच्या परवानगीने आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून ते मी लिहीत आहे.

त्याच्या मुलाला शाळेच्या सांगण्यावरून डॉक्टरांकडे नेले होते. तपासणीअंती मुलाला एडीएचडी असल्याचे कळले. मुलाचे लहानपण विचारता विचारता डॉक्टरीणबाईंनी वडिलांनाच विचारले, "तुमचं शाळेत कसं होतं?" त्या प्रश्नाचे उत्तर देताना एक्केचाळीस वर्षांच्या या माणसाच्या डोळ्यांत पाणी आले. स्वतःचीही तपासणी करून घ्यावी, असे त्याच्या मनात आहे. त्याची आई मात्र म्हणते, "बायको आहे, दोन मुलं आहेत, नोकरी आहे. आता या वयात शिक्का कशाला मारून घेतोस?"

त्याने मला विचारले, "फादर, लहानपणापासून मी प्रत्येक पापनिवेदनात आळस सांगत आलोय. डॉक्टरांनी याला दुसरं नाव दिलं, तर ते पाप नव्हतंच का? की नाव घेऊन मी पळवाट शोधतोय?"

या प्रश्नाचे उत्तर मला लगेच देता आले नाही. ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

आधी थोडी माहिती. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवण्यात, काम सुरू करून शेवटास नेण्यात आणि स्वतःला आवर घालण्यात येणारी जन्मजात स्वरूपाची अडचण. ऑटिझम, ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो, ही निराळी अवस्था आहे. त्यात माणसांमधले न बोललेले संकेत समजणे कठीण जाते, ठरलेला क्रम मोडला की त्रास होतो आणि पुष्कळांना आवाज, प्रकाश, गर्दी सहन होत नाही. दोन्ही एकाच माणसात असू शकतात. दोन्ही घराण्यात उतरतात. म्हणूनच मुलाच्या तपासणीत बापाला आपला चेहरा दिसतो. आपल्या पिढीच्या लहानपणी ही नावे शाळेत कुणाला ठाऊक नव्हती. ज्या मुली गप्प बसून स्वप्नात हरवत, त्या तर कुणाच्या नजरेतच आल्या नाहीत.

यासाठी रक्ताची चाचणी नाही, एक्स-रे नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सविस्तर बोलतात, प्रश्नावल्या भरून घेतात, शक्य झाल्यास आईवडिलांना किंवा जोडीदाराला विचारतात, जुनी प्रगतिपुस्तके पाहतात. झोप, थायरॉइड, नैराश्य, चिंता यांमुळे तसे होत नाही ना, हेही पाहतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ सालच्या नियमावलीप्रमाणे प्रौढ माणसात लक्ष न लागण्याची किंवा अतिचंचलतेची नऊपैकी किमान पाच लक्षणे हवीत, त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून हवीत, ती घर, नोकरी अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसायला हवीत आणि त्यांनी जगण्यात खरा अडथळा आणलेला हवा. म्हणून "विसरतो तर प्रत्येकजण" असे म्हणून हा विषय उडवून लावता येत नाही. तसेच, मोबाइलवरची दहा प्रश्नांची चाचणी सोडवून निदानही होत नाही.

आता आळसाकडे वळू. सात मुख्य पापांत आपण आळस मोजतो. पण ज्या शब्दाचे भाषांतर आपण 'आळस' असे करतो, तो मूळ शब्द 'अकेडिया'. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी त्याचे वर्णन केले. भर दुपारी प्रार्थनेचा वीट येणे, आपले बोलावणेच नकोसे होणे, असा त्याचा अर्थ. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी तो अधिक नेमका केला. त्यांच्या मते अकेडिया म्हणजे ईश्वराच्या चांगुलपणाचेच दुःख वाटणे आणि त्याच्या प्रेमाकडे पाठ फिरवणे. विजेचे बिल भरायचे राहणे, पास घरी विसरणे, अर्ज बॅगेत राहणे, याला त्यांनी अकेडिया म्हटलेले नाही. गंमत अशी की, खुद्द थॉमस विद्यार्थी असताना इतके गप्प असत की सोबतच्या मुलांनी त्यांचे नाव 'मुका बैल' ठेवले होते. त्यांचे गुरू संत आल्बर्ट यांनी मात्र त्या मौनातली बुद्धी ओळखली.

याच संत थॉमस यांनी माणसाच्या हातून घडणाऱ्या गोष्टी आणि माणसाने समजून-उमजून, इच्छेने केलेली कृत्ये यांत फरक केला. नैतिक न्याय दुसऱ्या प्रकारच्या कृत्यांचा होतो. गंभीर पापासाठी पूर्ण ज्ञान आणि पूर्ण संमती लागते, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आहोत. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद १७३५ मध्ये असेही सांगितले आहे की, अज्ञान, भीती, सवय आणि इतर मानसिक वा सामाजिक कारणांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी पूर्ण नाहीशीही होऊ शकते. म्हणजे प्रत्येक चूक हे पाप नव्हे. ज्याला जे जमत नाही, त्याने ते मुद्दाम केले नाही असे ठरवून त्याला दोषी धरणे, हा मात्र आपल्याकडून झालेला अन्याय असू शकतो. मी त्या सभेत तेच केले.

मग ही पळवाट ठरत नाही का? हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. माणूस कोणत्याही गोष्टीच्या आड लपू शकतो. गरिबीच्या, आजाराच्या, अगदी प्रार्थनेच्याही. उद्या कुणी म्हणेल, "मी असाच आहे, तुम्ही सांभाळून घ्या." तेव्हा नावाचा गैरवापर झाला, असे नक्की म्हणावे.

पण योहानलिखित शुभवर्तमानाचा नववा अध्याय आठवा. जन्मांध माणसाला पाहून शिष्य पहिला प्रश्न विचारतात तो पाप कुणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे. येशू तो प्रश्नच मोडून काढतो. दोघांचेही नाही, असे सांगतो. मात्र त्या आंधळ्याला तो नुसते सहानुभूतीने कुरवाळत नाही. त्याला शिलोह तळ्यावर जाऊन डोळे धुवायला पाठवतो. दोषातून मोकळे करतो आणि काम देतो. अध्यायाच्या शेवटी परुश्यांना तो सुनावतो की, तुम्ही आंधळे असता तर तुम्हाला पाप नसते, पण आम्हाला दिसते असे तुम्ही म्हणता, म्हणून तुमचे पाप राहते.

मला उत्तर इथे सापडले. कळल्याने जबाबदारी संपत नाही. ती योग्य जागी येते. माहीत नव्हते तोवर हा माणूस फक्त शपथा घेत होता, "उद्यापासून नीट वागेन." ती शपथ मोडली की स्वतःला शिव्या देत होता. आता त्याला खरे काम करता येईल. भिंतीवर मोठे कॅलेंडर लावणे, मोबाइलवर गजर लावणे, पैशांचे व्यवहार पत्नीशी बोलून वाटून घेणे, डॉक्टरांनी औषध दिलेच तर ते त्यांच्या सांगण्याप्रमाणेच घेणे. एडीएचडीसाठी औषधे आहेत. ऑटिझम बरा करणारे औषध नाही, पण समजूत आणि सोयी यांनी जगणे सुसह्य होते. इतकी वर्षे ज्या पत्नीने विसरलेल्या साऱ्या गोष्टी निस्तरल्या, तिची क्षमा मागणे हेही त्यातच आले. दोष नसला तरी तिला लागलेले लागलेच आहे. निदान त्या क्षमेपासून सुटका देत नाही.

याच अध्यायात त्या माणसाचे आईबाप घाबरून म्हणतात, तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा. ते भीतीपोटी बोलले, पण बोलले ते खरे. प्रौढ मुलाने स्वतःविषयीचे सत्य जाणून घ्यावे की नाही, हे आईच्या लाजेने वा शेजाऱ्यांच्या कुजबुजीने ठरू नये.

प्रश्न आपल्या धर्मग्रामाचाही आहे. मिस्सेत शेवटच्या बाकावर बसणारी, शांतीची खूण देताना हात मागे घेणारी, लग्नाच्या मंडपातून बँड सुरू होताच निघून जाणारी व्यक्ती आपण पाहतो आणि तिला 'गर्विष्ठ' म्हणून मोकळे होतो. आळसाप्रमाणे गर्वही आपण स्वस्तात वाटतो. १९४३ साली डॉ. लिओ कॅनर यांनी ऑटिझमवरील आपल्या लेखात अकरा मुलांचे वर्णन केले. त्यातला पहिला मुलगा डॉनल्ड ट्रिपलेट. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या आपल्या लहानशा गावात तो मोठा झाला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने प्रवास केला आणि २०२३ साली ८९व्या वर्षी वारला. घरची परिस्थिती चांगली होती, हे खरे. पण गावाने त्याला तो होता तसा आपला मानला, हेही तितकेच खरे. एवढे आपल्याला अवघड आहे का?

ज्यांच्या मनात अशी शंका आहे त्यांनी आधी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा ओळखीच्या डॉक्टरांकडे विचारावे. भारत सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे, एडीएचडीची स्वतंत्र नोंद नाही. तपासणीअंती "तसे काही नाही" असेही उत्तर मिळू शकते. तेही सत्यच आहे आणि मग त्रासाचे खरे कारण शोधता येते. डॉक्टरांकडे जाणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. चष्मा लावणारा प्रार्थना सोडत नाही.

त्या गृहस्थाची मी क्षमा मागितली आहे. सभेत बोललो होतो, म्हणून इथेही मागतो. त्याची तपासणी अजून व्हायची आहे. निदान काय होईल ते डॉक्टर सांगतील. मागच्या आठवड्यात त्याच्या आईने माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडून त्याची जुनी प्रगतिपुस्तके काढून दिली. इयत्ता दुसरी, तिसरी, चौथी. तिन्हींवर वेगवेगळ्या बाईंच्या अक्षरात जवळजवळ एकच शेरा आहे. मुलगा हुशार आहे, पण लक्ष नाही. आई म्हणाली, "मी या शेऱ्यांवरून त्याला मारलं होतं, फादर." आता तपासणीला तीच त्याच्याबरोबर जाणार आहे.

त्या दोघांसाठी या रविवारी मिस्सेत प्रार्थना करू या. आणि कुणाला आळशी वा गर्विष्ठ म्हणण्याआधी क्षणभर थांबू या.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू