किल्ली कुणाकडे?

समजा, १९८३ साली बाजारात आलेला ॲपल टू-ई तुमच्या हाती लागला. चालू आहे, पण सोबत एकही फ्लॉपी नाही. बटण दाबलं की पडद्यावर मशीनचं नाव उमटतं, ड्राइव्ह खरखरतो आणि नुसता फिरत राहतो. वाचायला आत काहीच नाही.

हौशी लोकांनी यावर तोड काढलेली आहे. मशीनच्या मागे कॅसेट प्लेअर जोडायची जागा असते. तिथे लॅपटॉपच्या हेडफोनची वायर लावायची. एडीटीप्रो नावाचा फुकट प्रोग्राम डिस्क इमेजचं रूपांतर आवाजात करून पाठवतो. आपल्या कानाला ती फक्त कर्कश किरकिर वाटते; मशीनला मात्र ती कळते, आणि कोऱ्या फ्लॉपीवर एकेक ट्रॅक उमटत जातो. ३५ ट्रॅक, प्रत्येकात १६ सेक्टर, प्रत्येक सेक्टरमध्ये २५६ बाइट. एकूण १,४३,३६० बाइट. तुमच्या फोनमधला साधा फोटोही याहून कितीतरी मोठा असतो.

चाळीस वर्षांपूर्वीचा गेम पुन्हा सुरू होतो. आनंद होतो. आणि मग एक प्रश्न पडतो: ही इमेज आली कुठून?

त्या काळी गेम विकणाऱ्या कंपन्या फ्लॉपीला कुलूप घालत. ॲपलच्या ड्राइव्हचं हेड नेमकं कुठे थांबवायचं, हे सॉफ्टवेअरच्या हातात होतं. त्याचा फायदा घेऊन दोन ट्रॅकच्या मधल्या जागेत डेटा लिहायचा, सेक्टरच्या ठरलेल्या खुणा बदलायच्या. साध्या कॉपी प्रोग्रामची तिथे दांडी उडे. मग कुलूप तोडणारे आले. त्यांत शाळकरी पोरंही होती. कुलूप काढायचं, पहिल्याच पडद्यावर आपलं टोपणनाव झळकवायचं आणि प्रती वाटायच्या. कंपन्यांच्या लेखी ही सरळ चोरी होती. गेम लिहिणाऱ्याचं पोटही त्या विक्रीवरच होतं, हे विसरून चालणार नाही.

पण फ्लॉपी म्हणजे प्लास्टिकच्या चकतीवरचा चुंबकीय थर. काळाबरोबर तो क्षीण होतो, त्याला बुरशी लागते, तो खरवडून निघतो. कंपन्या बुडाल्या, विकल्या गेल्या. कपाटांतल्या फ्लॉपी कुलपासकट मरत गेल्या. कित्येक गेम वर्षानुवर्षं टिकून राहिले ते केवळ तोडलेल्या प्रतींत.

मग त्या पोरांचे उपकार मानायचे का?

मला पटकन ‘हो’ म्हणवत नाही. चोरलेल्या पोत्यातलं धान्य वाटेत सांडलं आणि तिथे पीक आलं, म्हणून चोर शेतकरी ठरत नाही. त्यांना काही जपायचं नव्हतं. त्यांना फुकट खेळायचं होतं, मिरवायचं होतं.

तरी एवढ्यावर हिशेब मिटत नाही. प्रतींत आपल्या पदरचं घुसडणाऱ्यांची गोष्ट मराठी माणसाला नवी नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असंच पाठभेदांचं आणि भरीचं रान माजलं होतं; एकनाथांनी १५८४ साली तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. पण नाथांना ते करता आलं, कारण मधल्या सुमारे तीनशे वर्षांत कुणी ना कुणी, चुका करत का होईना, ती उतरवून घेत राहिलं होतं. शुद्ध करायला आधी काहीतरी उरावं लागतं.

आज या फ्लॉपींनाही शुद्ध प्रत करणारे भेटले आहेत. ‘फोर एएम’ या टोपणनावाने काम करणारी व्यक्ती कुलूप काढते, पण पडद्यावर स्वतःचं नाव घालत नाही. उलट कोणतं कुलूप कसं काढलं ते लिहून ठेवते आणि सगळं इंटरनेट अर्काइव्हवर खुलं करते. ॲपलसॉस नावाचं उपकरण तर चकतीवरचे चुंबकीय बदलच टिपतं. त्यामुळे २०१८ साली आलेल्या वोझ या फाइल-प्रकारात कुलूपसुद्धा जसंच्या तसं जपलं जातं.

कायदाही थोडा हलला. अमेरिकेत १९९८च्या कायद्याने डिजिटल कुलूप तोडायला बंदी घातली. २००३ साली कालबाह्य माध्यमांवरच्या प्रोग्राम आणि गेमसाठी त्यातून सूट मिळाली.

मला यातून एवढं कळतं: मालकाच्या हक्काला मुदत असते, कुलपाला नसते. कॉपीराइट कधीतरी संपतो. पण फ्लॉपीवरच्या कुलपाला ते कोण सांगणार? मालक मेला, कंपनी संपली, तरी ते इमानाने राखण करत राहतं, आतली वस्तू कुजेपर्यंत. म्हणून कुलूप घालणं हा गुन्हा नाही, पण कुलूप घालणाऱ्यावर एक कर्तव्य येतं: किल्ली कुठेतरी ठेवून जायचं. एखाद्या ग्रंथालयात, एखाद्या संग्रहालयात, कुठेही. ते कर्तव्य कुणीच पाळलं नाही, म्हणून चोरांना राखणदार होता आलं.

आता तुमच्या फोनकडे पाहा. त्यातले कितीतरी गेम दूरच्या सर्व्हरने परवानगी दिली तरच उघडतात. तो सर्व्हर बंद होईल त्या दिवशी तोडायला कुलूपही हाताशी नसेल, कारण दारच दुसऱ्याच्या घरात आहे. चाळीस वर्षांनी कुणाला तुमचा आजचा आवडता गेम खेळावासा वाटला, तर तो कुठली वायर कुठे जोडेल?