गप्प बसणाऱ्याचा वाटा

१९ फेब्रुवारी २०१२. अमेरिकेतल्या कॅस्केड पर्वतात, स्की रिसॉर्टच्या हद्दीबाहेर टनेल क्रीकच्या उतारावर पंधरा-सोळा जण स्कीइंगला निघाले. बहुतेक जण चांगले मुरलेले. ताजं बर्फ भरपूर पडलेलं, हिमस्खलनाचा इशाराही होता. उतारावरचं बर्फ कोसळलं आणि तिघं दगावले. वाचलेल्यांपैकी काहींनी पुढे सांगितलं, की एवढ्या माणसांनी मिळून जाणं मनाला खटकत होतं. पण तिथं मोकळेपणानं कुणी बोललं नाही.

का बरं? इतकी जाणती माणसं सोबत आहेत, त्यांना कळत नसेल का, असं ज्याला-त्याला वाटलं. म्हणजे एकाचं मौन दुसऱ्यानं होकार समजायचं, आणि दुसऱ्याचं तिसऱ्यानं.

चारचौघांत मोडता घालू नये, हे आपण बायकांना तर लहानपणापासून शिकवलेलं. त्याला आपण नम्रता म्हणतो. पण भीड ही भिकेची बहीण. आपण गिळलेला शब्द दुसऱ्याच्याही जिवावर बेतू शकतो.

तरी सगळा भार बोलणाऱ्यावरच का? पुढे चालणाऱ्यानं आधी थांबून विचारावं, ‘कुणाला नको वाटतंय का?’ आणि सगळ्यांत नवख्या माणसाचं ‘नको’सुद्धा हसण्यावारी नेऊ नये.