यंत्र आले, पण कोणाच्या सुटकेसाठी?

यंत्र आले म्हणजे समाज आधुनिक झाला असे समजण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. त्याच वर्षी कार्ल मार्क्स यांनी न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्रात भाकीत केले की, रेल्वेच्या पाठोपाठ येणारे उद्योगधंदे जातींचा आधार असलेली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढतील. गाडीच्या एका बाकावर सगळे बसले हे खरे. पण उतरल्यावर जो तो आपापल्या आळीत गेला. नळाचे पाणी चालते की बाटवते, याचा खल करणाऱ्या सनातन्यांनीही पुढे नळ घेतला, वीज घेतली. आता सोयरीक मोबाईलवर जुळते आणि तेथेही जातीचा रकाना असतोच!

मग दोष यंत्राचा काय? मुळीच नाही. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले, याचा हिशेब मांडणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी हा प्रश्न निकालात काढला आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही; अनर्थ होतो तो यंत्रामुळे नव्हे, चुकीच्या समाजरचनेमुळे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. चरख्याचे गोडवे गाणाऱ्यांना तो तेव्हाही रुचला नाही.

तेव्हा खरा प्रश्न हा की, फुरसत कोणाच्या वाट्याला येते? घरातले धुण्याचे यंत्र विनातक्रार आले. गटाराचे मात्र वर्षानुवर्षे अडले. मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. थोडा असेल तर नासक्या अंड्यासारखा वास येतो; फार असेल तर वास घेण्याची शक्तीच मारून टाकतो. खाली उतरलेल्याला धोका कळतच नाही. तो कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही वर येत नाही. १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढली, याचा अर्थ मरणे थांबले नव्हते.

यंत्र नव्हते म्हणावे, तर २०१८ साली केरळातील तरुण अभियंत्यांनी बनवलेला ‘बँडिकूट’ नावाचा यंत्रमानव तिरुवनंतपुरमच्या गटारात उतरला. मैला उपसणाऱ्या गाड्या त्याआधीही होत्याच. गल्ली अरुंद आहे, यंत्र महाग आहे, असे सांगितले जाते. काही ठिकाणी ते खरेही असेल. पण ज्या इमारतीत दहा मजले पाणी चढते, लिफ्ट चालते, तिच्याच तळाशी येऊन विज्ञान का थकते? स्वस्त माणूस हाताशी असतो म्हणून! आणि तो माणूस कोणत्या वस्तीतून येतो, हे तुम्हाला सांगायला नको.

तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले. यंत्राला चेतना नाही. ती विकत घेणाऱ्याला आहे, कंत्राट देणाऱ्याला आहे. आणि आपण, ज्यांच्या आईवडिलांनी किंवा आजोबांनी १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली, त्यांतले पुष्कळजण आता अशाच इमारतींत राहतो. सोसायटीच्या सभेत कॅमेऱ्यांचा ठराव येतो, सौर दिव्यांचा येतो. सेप्टिक टाकी कोण आणि कशी उपसतो, हा विषय कधी पत्रिकेवर आला आहे का? सचिवाला विचारा. गाडी बोलावतो म्हणाला, तर तिच्याबरोबर कोणी खाली उतरतो का, हेही विचारा. कारण गाडी आली तरी तळाचा गाळ काढायला माणूस उतरवल्याची उदाहरणे आहेत. आणि यंत्र चालवायची पगारी जागा निघेल, तेव्हा ती कोणाला मिळते, यावरही लक्ष ठेवा. पिढ्यान्‌पिढ्या घाणीत उतरलेल्याच्या मुलाला ते यंत्र शिकवणार, की तेवढ्यापुरती गुणवत्ता आठवणार?